वादळाने पाडलेल्या झाडांचे बुंधे

प्रश्न : वादळात आमच्या बांधावरची जुनी चिंच कोसळली. लाकूड विकले गेले, पण सुमारे 4 फूट रुंदीचा बुंधा विहिरीच्या पाइपलाइनजवळ तसाच आहे. तो बुंधा खरवडून त्याचा भुसा करणाऱ्या लहान यंत्राने (स्टंप ग्राइंडर) निघेल का? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : निघेल, मात्र घाई चालणार नाही. मोकळ्या रानात आम्ही सरळ जेसीबी बोलावण्यास सांगितले असते; पाइपलाइन शेजारी असताना लहान यंत्रच बरे. मुळांचा गड्डा उलटून वर आला असेल, तर त्याच्या पोकळीत कोणीही उतरू नये, कारण खोडाचे वजन कमी झाल्यावर तो अचानक पूर्ववत खाली बसू शकतो. बुंधा चेनसॉने शक्य तितका जमिनीलगत कापून घ्यावा, कारण एवढ्या रुंदीत प्रत्येक इंचाचे लाकूड पुष्कळ असते. मुळांतली माती आणि दगड आधी काढावेत, नाहीतर यंत्राच्या फिरत्या चक्राचे कार्बाइडचे दात लवकर बोथट होतात. चक्र कडेपासून सुरू करून डावी-उजवीकडे सावकाश फिरवावे, दर फेरीला थोडाच थर घ्यावा आणि इंजिनाचा आवाज दबू लागताच मागे सरावे. तापीकाठची काळी माती ओली असताना यंत्र रुतते, म्हणून वाफसा येऊ द्यावा. तेथे नांगर चालवायचा असल्यास बुंधा जमिनीखाली फूटभर खोल काढावा. निघालेला भुसा मातीत मिसळू नये. तो कुजताना नत्र ओढून घेतो व पीक पिवळे पडते. केळीच्या बागेत आच्छादन म्हणून तो वरून पसरता येईल.