शेततळं : अनुदान आधी की खोदकाम?

प्रश्न : औसा तालुक्यात (जि. लातूर) आमची साडेचार एकर काळी जमीन आहे. सध्या जेसीबी मोकळा आहे. ३० बाय ३० चं शेततळं आधी खोदून घेतलं आणि अर्ज नंतर केला, तर अनुदान मिळेल का?

उत्तर : नाही. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या ऑनलाइन अर्जाचं पोर्टल) अर्ज, निवड, कागदपत्रं, जागेची पाहणी, पूर्वसंमती आणि त्यानंतर खोदकाम, हाच क्रम पाळावा लागतो. शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, अर्ज तिथं हमखास रखडतो.

आता आकाराचं बघू. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आकारमानाप्रमाणे कमाल ७५,००० रुपये मिळतात, त्यामुळे जो तो मोठंच तळं मागतो. पण ते भरणार कशानं? एक हेक्टरवरून १ मि.मी. पाणी वाहिलं की १० घनमीटर जमतं. तुमच्या १.८ हेक्टरवरून पावसाळाभरात १०० मि.मी. वाहून आलं तरी १,८०० घनमीटर होतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बाजूंचा उतार १:१ (एक मीटर खोलीला एक मीटर आडवं) धरून, २,१९६ घनमीटर मावतं. कमी पावसाच्या वर्षी ५० मि.मी.च वाहिलं तर ९०० घनमीटर. २० बाय २० बाय ३ चं तळं ८७६ घनमीटरचं, म्हणजे ते तेव्हाही भरेल. वरच्या शेतातलं पाणी तुमच्याकडे वळत नसेल, तर आम्ही २० बाय २० च सुचवू. जमीनही कमी अडकते.

जागा उताराच्या खालच्या अंगाला हवी, पण ओढ्याच्या पात्रात नको. आधी तीन मीटरचा एक खड्डा घेऊन बघा. तळाला मुरूम किंवा चुनखडी लागली तर पाणी झिरपून जाईल. मग जागा बदला, नाहीतर प्लास्टिकचं अस्तर लागेल. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मात्र जागा बदलायची ती पूर्वसंमतीच्या आधी. काळ्या मातीत बाजू उभ्या ठेवल्या की पहिल्याच मोठ्या पावसात ढासळतात. तिथं १.५:१ उतार (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) जास्त टिकतो, पाणी थोडं कमी मावतं एवढंच. निघालेली माती काठापासून किमान एक मीटर लांब टाका. पाणी आत येतं तिथं दगडी पिचिंग करा (म्हणजे उतारावर दगड बसवा) आणि त्याच्या अलीकडे गाळासाठी खड्डा घ्या. हा खड्डा टाळला की तळं गाळानं भरत जातं. कुंपण करा, आत गाठी मारलेला दोर सोडा. अस्तरावरून पाय घसरलेलं लेकरू आधाराशिवाय वर येऊ शकत नाही.

प्रश्न : मोजणी झाली, पण पैसे जमा नाहीत. (परतूर, जि. जालना)

उत्तर : रक्कम आधार-संलग्न खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यातच जाईल असं नाही. केवायसी झालं म्हणजे आधार जोडलं गेलं असं समजू नका. कोणतं खातं जोडलेलं आहे ते बँकेत विचारा. सातबारा आणि आधारवरचं नावही ताडून बघा.

प्रश्न : शेततळं बोअरच्या पाण्यानं भरून उन्हाळ्यासाठी ठेवावं का?

उत्तर : कृपा करून ठेवू नका. ३० बाय ३० च्या भरलेल्या तळ्यावरून दिवसाला ८ मि.मी. बाष्पीभवन धरलं तरी ७,२०० लिटर पाणी उडून जातं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपणच वीज जाळून उन्हात आणून ठेवतो, आणि शेजाऱ्याच्या बोअरचंही खाली जातं. तळ्यात पावसाचंच पाणी घ्या आणि ते लवकर वापरा : सोयाबीनच्या शेंगा भरताना उघडीप पडली तर तुषारनं एक पाणी, उरलं तर हरभऱ्याला. एकराला ५ सें.मी.च्या पाळीला सुमारे २०० घनमीटर लागतं.