कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बॉक्स लॅक्रॉसची हौशी लीग कशी उभी राहिली?

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ; बंदिस्त रिंगणात खेळला की तो ‘बॉक्स’. थोडक्यात: उन्हाळ्यात आइस हॉकीची रिंगणं रिकामी पडायची म्हणून. बर्फ वितळवला की उरते चारी बाजूंनी फळ्यांनी बंदिस्त कोरडी जमीन. १९३१ मध्ये हॉकी संघांच्या मालकांनी तिथे व्यावसायिक लॅक्रॉस सुरू केलं. ते फार टिकलं नाही, पण खेळ हौशी क्लबांनी उचलला.

१९३२ मध्ये हौशी राष्ट्रीय विजेत्यांचा ‘मान कप’ही मैदानी लॅक्रॉसऐवजी बॉक्स लॅक्रॉसमध्ये खेळवायला लागले. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियात इंटर-सिटी लीग सुरू झाली; आजची वेस्टर्न लॅक्रॉस असोसिएशन ती हीच. तिच्यातला न्यू वेस्टमिन्स्टरचा सॅमनबेलीज क्लब तर त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला. कोक्विटलमच्या अ‍ॅडनॅक्स क्लबाच्या नावातलं ‘Adanac’ उलटं वाचा, ‘कॅनडा’ निघेल!

बंदिस्त जागेमुळे खेळच पालटला. गोलरक्षक धरून ६ जण, फळीवरून परतणारा चेंडूही खेळात, ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचाच. मैदानी गोल ६ बाय ६ फुटांचा. इथे उंची जेमतेम ४ फूट आणि जाडजूड पॅड घातलेला गोलरक्षक तो जवळपास भरूनच टाकतो. म्हणून आंधळ्या जोरापेक्षा हुलकावणी जास्त कामाला येते.

लीगचा विजेता पूर्वेकडच्या ओंटारिओ प्रांताच्या विजेत्याशी मान कपसाठी ७ सामन्यांची मालिका खेळतो. यजमानपद आलटून पालटून पूर्व-पश्चिमेकडे.