विचारा तर खरं : चेरीचा गाव वाइमेआ

मागच्या अंकात हवाईतल्या ‘वाइमेआ चेरी ब्लॉसम हेरिटेज फेस्टिव्हल’चा उल्लेख मी जेमतेम चार ओळींत केला होता. बिग आयलंडवरचं हे छोटं गाव दर फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊ ते दुपारी तीन हा उत्सव भरवतं, एवढंच लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते. आमच्या घरातल्यांची नोकरी तिथल्या एका वेधशाळेत होती, म्हणून त्या गावात आमचा संसार काही वर्षं मांडलेला होता. माझा अधिकार तेवढाच.

ताई, फेब्रुवारीत अमेरिकेत मुलाकडे असू. हवाईला जायचं तर खर्च मोठा आहे. त्या दिवशी चेरीचा बहर नक्की असेल ना? — एक वाचक, ठाणे

नाही. नक्की म्हणून कोणी सांगितलं तर त्याच्याकडून तिकीट घेऊ नका. तारीख कॅलेंडरवर ठरते आणि झाडं थंडीवर चालतात. गाव सुमारे २,६०० फुटांवर आहे, त्यामुळे फुलायला लागतो तेवढा गारवा मिळतो, पण एखाद्या वर्षी बहर आधीच ओसरलेला असतो, तर एखाद्या वर्षी फांदीवर नुसत्या कळ्या. तोक्योच्या कॅलेंडरवर दिसतो तो पांढुरका गुलाबी रंगही मनातून काढून टाका. इथली जात तैवानची. कमी थंडीत भागवणारी, रंगाने चांगली भडक, आणि फुलं खाली मान घालून लोंबणारी.

आणि एक सांगू? फुलं हे त्या दिवसाचं निमित्त आहे. गावातल्या माणसांपैकी मान वर करून फुलं बघणारे थोडेच. बाकीचे एकमेकांना भेटायला आलेले असतात. निव्वळ फुलांसाठी लाखभर रुपये घालणार असाल तर जपानलाच जा.

वाइमेआत हॉटेल बघितलं तर तीन वेगवेगळ्या बेटांवर दिसतंय! — कोथरूडहून एक आजी

आजी, बरं झालं विचारलंत. काउआई बेटावर वाइमेआ नावाचं गाव आहे, ओआहूवर वाइमेआ बे आहे, आणि आपलं हे बिग आयलंडवरचं. घोळ असा की काउआईच्या वाइमेआतही फेब्रुवारीतच गावाचा उत्सव असतो. आमच्या ओळखीचं एक कुटुंब हौसेने तिथे उतरलं आणि चेरीची झाडं शोधत बसलं. आपल्या वाइमेआचं टपालातलं नाव कामुएला. हॉटेलच्या पत्त्यात ‘कामुएला’ दिसलं की निर्धास्त पैसे भरा. विमान कोनाचं घ्या, पुढे गाडीने तासाभराचा रस्ता. गावात खोल्या मोजक्याच आहेत. मिळाली नाही तर खाली समुद्रालगत वाइकोलोआला राहा आणि सकाळी लवकर वर या.

हवाईत जपानी उत्सव कसा काय? तिथल्या मूळ लोकांचा वारसा कुठे गेला? — एक शिक्षिका, सातारा

बाई, तुमचा प्रश्न सगळ्यांत आवडला.

जपानी मजूर हवाईत पहिल्यांदा १८६८ मध्ये आले, साधारण दीडशे जण. खरा ओघ १८८५ पासून, दोन सरकारांच्या करारानंतर. बहुतेक उसाच्या मळ्यांवर. एकाच कामाला जपान्याला महिन्याला १८ डॉलर आणि पोर्तुगीजाला साडेबावीस, असा हिशोब होता. त्याविरुद्ध १९०९ मध्ये ओआहूवर मोठा संप झाला. संपाच्या पुढाऱ्यांत फ्रेड माकिनो नावाचा योकोहामात जन्मलेला माणूस होता. तुरुंगात गेला, सुटला, १९१२ मध्ये ‘हवाई होची’ हे वर्तमानपत्र काढलं. पुढे जपानी भाषेच्या शाळांवर सरकारने निर्बंध घातले तेव्हा हाच गडी खटल्यामागे उभा राहिला आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शाळांच्या बाजूने निकाल लागला. वाइमेआच्या चर्च रो पार्कमधली पहिली चेरीची झाडं त्याच्या स्मरणार्थ लावलेली आहेत. म्हणजे ज्या झाडांखाली उभं राहून लोक सेल्फी काढतात त्यांची सुरुवात एका संपवाल्या संपादकाच्या स्मारकापासून झाली. हे तिथे येणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जणांना माहीत असतं, देव जाणे.

मळ्यावरचा करार संपला की काही कुटुंबं वर वाइमेआला आली. कोणी भाजीपाला पिकवला, कोणी गुरांच्या रांचवर लागलं. आणखी एक गोष्ट तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकायला मिळते. दुसऱ्या महायुद्धात याच गावाच्या माळावर कॅम्प तारावा होता. अमेरिकन मरीन सैनिक इथे सराव करून साइपान आणि इवो जिमाला, म्हणजे जपान्यांशीच लढायला गेले. त्याच गावात आज जपानी ताइको ढोल वाजतात.

मूळ हवाईयन लोकांचा वारसा कुठे गेला, तर तो त्याच मंडपात असतो. हुला नाच होतो, लेई म्हणजे फुलांच्या माळा ओवल्या जातात. इथे उत्सव एकाचा असला तरी ताटात सगळ्यांचं असतं. अर्थात जमीन कोणाच्या हातून कोणाकडे गेली हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो वेगळा आणि फार कडू आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी. सोबत ७८ वर्षांच्या सासूबाई. उपाशी राहू का? — बोरिवलीहून एक वाचक

उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवा. भाताच्या वडीवर काळी पट्टी गुंडाळलेली दिसेल तो स्पॅम मुसुबी. आत डब्यातलं डुकराचं मांस असतं. साइमिन शेवया छान वाटतात, पण पाणी मांसामाशांचं. नुसत्या भाज्या दिसल्या तरी ‘दाशी आहे का?’ एवढं विचारा. दाशी म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क. मालासादा या पोर्तुगीज गोळ्यांत अंडं असतं. निर्धास्त खाण्यासारखी हाउपिआ, ही नारळाच्या दुधाची थापून कापलेली वडी, आणि मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे.

मोची मात्र बघाच. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून लाकडी चौकटींत वाफवतात, वाफाळता गोळा उखळात टाकतात आणि दोन-तीन जण लांब दांड्याच्या लाकडी मोगऱ्या आळीपाळीने हाणतात. खरा जीव जातो तो उखळापाशी वाकलेल्या माणसाकडे बघून. दोन घावांच्या मधल्या क्षणात तो ओला हात आत घालून गोळा उलटतो. ताल चुकला तर बोटं गेली. म्हणून सगळे मोठ्याने एकसुरात ओरडत राहतात. लहान मुलांना आणि पाहुण्यांनाही घाव घालू देतात. तेव्हा उलटणारा आजोबा जरा लांब सरकतो, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. मग पिठूळ हातांनी गोळे वळतात. आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, नाहीतर नुसतेच.

सासूबाईंना मोची अगदी नखाएवढे तुकडे करून द्या आणि पाणी हाताशी ठेवा. चिकटपणामुळे घशात अडकते. जपानमध्ये दर नववर्षाला म्हातारी माणसं यामुळे दगावतात. भीती घालत नाही, पण कवळी असेल तर हाउपिआच बरी.

सुट्टे डॉलर खिशात ठेवा. प्रवेश फुकट आहे, पण खाण्याच्या बऱ्याच टपऱ्या शाळा, देऊळ, क्लब यांच्या असतात. कार्ड पुढे केलं की तिथल्या काकू अवघडतात.

मुलांना काउबॉय बघायचे आहेत. एका दिवसात जमेल? — न्यू जर्सीहून एक आई

जमेल. उत्सव एका मैदानात नसतो, गावभर ठिकठिकाणी असतो. गुलाबी फलक लावलेले दिसतील तिथे काहीतरी चालू आहे असं समजायचं. एका टोकाला पार्कर रांचची जुनी घरं, दुसऱ्या टोकाला चर्च रो. गाडी एकदाच लावा आणि मधल्या फेऱ्यांसाठीच्या फुकट बसने फिरा. होंगवानजी या बौद्ध देवळातलं बोन्साय प्रदर्शन गर्दी व्हायच्या आत उरका.

काउबॉयना तिथे पानिओलो म्हणतात. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, त्यांना मारायला बंदी झाली, आणि ती इतकी माजली की १८३०च्या दशकात मेक्सिकोहून घोडेस्वार आणून हवाईयन लोकांना गुरांवर दोराचा फास टाकायला शिकवावं लागलं. मुलांना इकुआ पर्डीचा पुतळा दाखवा. १९०८ मध्ये वायोमिंगच्या शायेनला जाऊन त्याने बैल फाशात धरायची जागतिक स्पर्धा ५६ सेकंदांत जिंकली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे गोरे काउबॉय बघत राहिले! पार्कर रांचचा शेवटचा मालक रिचर्ड स्मार्ट हा नाटकवेडा, ब्रॉडवेवर काम केलेला माणूस. गावातलं काहिलू थिएटर त्यानेच बांधलं, आणि १९९२ मध्ये तो गेल्यावर रांच गावच्या शाळा-इस्पितळांच्या नावे ट्रस्टमध्ये गेली.

कपडे दोन प्रकारचे घ्या. ईशान्येचे वारे पाऊस गावाच्या एका अंगाला टाकतात. चर्च रोला भुरभुर आणि रांचकडे ऊन, हे एकाच वेळी चालू असतं. छत्री उलटते, त्यापेक्षा टोपीवालं जॅकेट बरं.

मी खगोलशास्त्राचा विद्यार्थी. तिथे तीस मीटर दुर्बिणीबद्दल लोकांशी बोलू का? — पुणे

केक वेधशाळेचं मुख्य कार्यालय याच गावात आहे आणि तीस मीटर दुर्बिणीच्या भारतीय सहभागात तुमची पुण्याची आयुका ही संस्था आहे, तेव्हा जिभेवर विषय येणारच. पण ही दुर्बीण जिथे उभारायचं ठरलं तो मौना केआ डोंगर हवाईयन लोकांसाठी पवित्र आहे. २०१९ मध्ये त्याच डोंगराच्या रस्त्यावर कुपुना, म्हणजे घरातली वडीलधारी माणसं, तिचं बांधकाम अडवायला बसली आणि त्यांना अटक झाली. मोचीच्या रांगेत पुढे उभी असलेली बाई त्यांच्यातलीच एखाद्याची लेक असू शकते, आणि तिच्या मागचा माणूस दुर्बिणीवर नोकरी करणारा. त्यांनी काढला तर विषय ऐका. आपण होऊन ‘विज्ञानासाठी किती महत्त्वाचं’ हे व्याख्यान तिथे द्यायचं नाही.

येताना चेरीचं रोप आणता येईल का? — एक बागप्रेमी, कोल्हापूर

मुळीच नाही. हवाईतून मुख्य भूमीकडे निघतानाच विमानतळावर शेती खात्याची तपासणी होते. माती, रोपं, बहुतेक ताजी फळं तिथेच काढून घेतात. पुढे भारतातही परवाना लागतो. भाजलेली कॉफी आणा. ‘कोना ब्लेंड’ लिहिलेलं असेल तर टक्केवारी वाचा. वर्षानुवर्षं फक्त १० टक्के कोना घालून ते नाव लावायला कायद्याने मुभा होती. ‘१०० टक्के कोना’ असेल तेच पाकीट उचला, महाग पडलं तरी.