हुआंग ची सुरू करण्याआधी

कॅन्सर झालेल्या आईला हुआंग ची काढ्यातून द्यावं की कॅप्सूलमधून, असं विचारताय; तुमची घाई समजते. तरी हुआंग ची, म्हणजे चिनी औषधांत वापरलं जाणारं ॲस्ट्रॅगॅलस या वनस्पतीचं मूळ, देण्याआधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. ‘झाडपाल्याने काय होणार’ म्हणून लपवणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हे मूळ त्यांच्या आड येऊ शकतं.

- डबीवरचं लेबल पूर्ण वाचा, फोटो डॉक्टरांना दाखवा. तयार मिश्रणात डाँग क्वाई ही दुसरी चिनी औषधी वनस्पतीसुद्धा असू शकते. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तिने रक्तस्राव वाढू शकतो.
- एका वेळी एकच नवी गोष्ट.
- शस्त्रक्रिया ठरली, की मूळ कधी थांबवायचं ते आधीच विचारा.

केमो मात्र याच्या भरवशावर अजिबात पुढे ढकलू नका! काढा की कॅप्सूल, ते नंतर बघू.