मेलबर्नमध्ये बागकामाच्या धंद्यासाठी आणि घरच्यांसाठीही 2022 ची वापरलेली पिकअप हवी आहे. जीडब्ल्यूएम कॅनन घेऊ की एलडीव्ही टी-60 मॅक्स?

मुलंबाळं त्याच गाडीत बसणार असतील तर कॅनन घ्या. कंपन्यांचे छापील आकडे बघितले तर ताकदीत एलडीव्ही सरळ पुढे आहे: दोन टर्बोचं 2.0 लिटर डिझेल इंजिन, 160 किलोवॉट आणि 500 न्यूटन-मीटर. कॅननकडे 120 आणि 400. ओढायची मर्यादा मात्र दोघींचीही 3000 किलोच. माझ्या मते खरा फरक सुरक्षिततेत आहे. समोर अडथळा दिसला की आपोआप लागणारा ब्रेक कॅननमध्ये आहे, त्या सालच्या टी-60 मॅक्समध्ये नाही. अँकॅपचे (ऑस्ट्रेलियात गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे) पाच तारे दोघींना आहेत खरे, पण कॅननचे 2021 च्या निकषांवरचे आणि टी-60 चे 2017 च्या, म्हणजे नुसते तारे मोजून उपयोग नाही. शिवाय कॅननला नवी असताना 7 वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी होती; त्यातली काही वर्षं तुमच्या वाट्याला येतील. फक्त धंद्यात वापरलेल्या गाडीला ती कशी लागू होते, हे पैसे देण्याआधी डीलरकडून लेखी घ्या.

माती-खडीचा जड ट्रेलर रोज चढावर ओढायचा असेल आणि मागे कोणी बसणार नसेल, तर मात्र उत्तर उलटं: टी-60 मॅक्स. दोन्हींना मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत, त्यामुळे चाचणीला रिकामी गाडी उडाली तर दचकू नका.