मॅक्लुस्कीगंजातला गंज लोखंडावरचा नव्हे

प्रश्न : झारखंडमधले मॅक्लुस्कीगंज पाहायला जायचे आहे. तिथली अँग्लो-इंडियन (युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या लोकांची) वस्ती ओसरत चालली म्हणून नावात ‘गंज’ आला का? तिथल्या लोकांना मराठीत काय म्हणावे, आणि काय पाहावे?

उत्तर : नाही, मुळीच नाही. ‘गंज चढलेले गाव’ ही मथळ्यापुरती केलेली कोटी आता लोक व्युत्पत्ती म्हणून सांगू लागले आहेत. गाव उभे राहत होते तेव्हाचे हे नाव आहे. तेव्हा घरांच्या भिंती नव्या होत्या, गंज धरायला काही नव्हतेच. आपला लोखंडावरचा गंज वेगळा. तो फारसी ‘झंग’ असावा. हिंदीने त्याचा ‘जंग’ केला, आपण अक्षरे उलटवून ‘गंज’ केला. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करणाऱ्या जिभेला हे अवघड नाही.

गावाच्या नावातला गंज म्हणजे बाजार, पेठ. त्याच मुलखात डाल्टनगंज आहे (आता मेदिनीनगर), बिहारात फोर्ब्सगंज, धरमशाळेजवळ मॅक्लॉडगंज, दिल्लीत दर्यागंज. दूर कशाला, पुण्याची गंज पेठ, जिथे महात्मा फुल्यांचा वाडा आहे, नगरचा गंज बाजार, आणि सोळा रस्ते जिला येऊन मिळतात ती लातूरची गंजगोलाई. लातूरकराला हा प्रश्न पडणार नाही.

पण बाजार हा या शब्दाचा अलीकडचा अर्थ. मूळ अर्थ खजिना. प्राचीन इराणी भाषांतून हा शब्द चहूकडे गेला. ग्रीकांनी त्याचा ‘गाझा’ केला, अर्थ तोच, राजाचा खजिना. (त्या नावाच्या शहराशी याचा संबंध जोडू नये, ते नाव सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातले आहे.) हिब्रूत तो गेला, आणि कैरोच्या सिनेगॉगमधले (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातले) जुन्या कागदांचे प्रसिद्ध कोठार ‘गनीझा’ झाले. इकडे खजिन्याचे कोठार झाले, कोठाराची धान्याची वखार, वखारीभोवती बाजार, बाजाराभोवती वस्ती.

इथे संस्कृतवादी मंडळी अमरकोश उघडतात : ‘गञ्जा तु मदिरागृहम्’. म्हणून शब्द आपलाच, असा त्यांचा निकाल. हे मला साफ अमान्य आहे. एक तर तो गञ्जा स्त्रीलिंगी, आणि अर्थ दारूचा गुत्ता. दुसरे, मथुरेच्या शोडास या शक क्षत्रपाच्या (राज्यकर्त्याच्या) शिलालेखात खजिनदाराला ‘गंजवर’ म्हटले आहे. गंज अस्सल संस्कृत असता तर तो अधिकारी गंजपाल झाला असता. ‘वर’ हे वाहणारा, सांभाळणारा या अर्थाचे इराणी शेपूट आहे. ज्या शब्दाचे हुद्दे शेपटासकट परक्या घरातून येतात, तो शब्द आपल्या घरी जन्मलेला नसतो. अमरकोशात नोंद आहे एवढ्यावर शब्दाचे कूळ ठरवणे हा आळस आहे.

आता माझा लाडका तर्क. कडब्याची गंजी आणि स्वयंपाकघरातला उभट गंज (भांडे) ही दोन्ही त्याच कोठाराची लेकरे आहेत. गंजी म्हणजे उघड्यावर रचलेला साठा, गंज म्हणजे घरात भरून ठेवलेला. काही कोश या दोन्हींना ‘देश्य’, म्हणजे मूळ न सापडणारे स्थानिक शब्द, म्हणून मोकळे होतात. अर्थ इतका सलग असताना कूळ अज्ञात म्हणणे मला पटत नाही. अंगातली गंजी मात्र या कुटुंबातली नाही. ती ‘गर्न्सी फ्रॉक’, इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरची. शेजारच्या बेटाने जर्सी दिली, याने गंजीफ्रॉक.

म्हणजे गावाच्या नावाचा शेवटचा अर्धा, ‘गंज’, इराणातून आला. सुरुवातीचा अर्धा आयर्लंडचा, ‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. अँग्लो-इंडियन गावाला याहून नेमके नाव सापडले नसते. आणि डाल्टन, मॅक्लॉड हे कंपनी-सरकारचे अधिकारी होते. अर्नेस्ट टिमथी मॅक्लुस्की तसे नव्हते. ते कोलकात्याचे अँग्लो-इंडियन. त्यांनी १९३३ मध्ये कलोनायझेशन सोसायटी ऑफ इंडिया काढली आणि रांचीजवळच्या रातूच्या महाराजांकडून सुमारे दहा हजार एकर जमीन घेतली. तेव्हा ‘ब्रिटिशांनी वसवलेले गाव’ हे वाक्य चुकीचे आहे. ते लिहू नये.

लोकांना म्हणायचे अँग्लो-इंडियन, दुसरे काही नको. ‘आंग्ल-भारतीय’ कोणी बोलत नाही, ‘गोरे’ तर खोटे आहे. जुने मराठी वाचताना मात्र सावध राहा. टिळकांच्या काळातली ‘अँग्लो-इंडियन पत्रे’ म्हणजे इथल्या इंग्रजांची वर्तमानपत्रे. मिश्र वंशाच्या लोकांना तेव्हा ‘युरेशियन’ म्हणत. १९११ च्या जनगणनेपासून सरकारदरबारी ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द त्यांचा झाला. राज्यघटनेच्या कलम ३६६(२) ची व्याख्या पितृवंशावर चालते : बापाच्या बाजूचा पूर्वज युरोपीय हवा, मग तो पोर्तुगीज असला तरी चालतो. आई इंग्रज आणि बाप हिंदी, तर या व्याख्येत बसत नाही. या समाजासाठी संसदेत असलेल्या नेमणुकीच्या जागा जानेवारी २०२० मध्ये संपल्या.

पाहण्याचे म्हणाल तर रांचीहून रस्त्याने साधारण साठ किलोमीटर, खलारीच्या वाटेने. बरकाकाना–बरवाडीह मार्गावर स्वतःचे स्थानकही आहे. हिवाळा बरा. बंगले एकमेकांपासून लांब, साल आणि आंब्यांच्या झाडांत विखुरलेले आहेत, त्यामुळे पायी फिरून सगळे होत नाही, दिवसभराचे वाहन ठेवा. पुष्कळ बंगले विकले गेले, काहींत १९९७ मध्ये सुरू झालेल्या डॉन बॉस्को अकादमीच्या मुलांची वसतिगृहे झाली. राहती घरे आहेत, विचारल्याशिवाय फाटकात शिरू नये. दुगादुगी नदी आणि दफनभूमी चुकवू नका.

आणि कोणी बोलायला भेटले तर ‘मुलुक’ हा शब्द कानावर येतो का पाहा. पहिल्या रहिवाशांनी या गावाला तोच शब्द वापरला, आपला देश या अर्थाने. तो आपला मुलूखच, मुलूखगिरीतला. अरबी म-ल-क या धातूतून निघालेला, मालक आणि मालकी यांचा सख्खा भाऊ.