नवीन घरात सगळीकडे पांढऱ्या टाइल्स लावल्या तर चालतील का, की लवकरच काळ्या-पिवळ्या पडतील?

हॉल, किचन, बाथरूम सगळीकडे पांढऱ्याच टाइल्स लावायचं तुमच्या मनात आहे पण सगळे घाबरवतायत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या घरी बरीच वर्षं पांढऱ्याच आहेत आणि उद्या परत घर करायचं झालं तरी मी पांढऱ्याच लावेन. बिनधास्त लावा. फक्त एक लक्षात घ्या, चांगली पांढरी टाइल स्वतः सहसा खराब होत नाही, काळे पडतात ते मधले सांधे, आणि फरशी पिवळट दिसते ती वर साचलेल्या साबण-फिनाइलच्या थरामुळे. हे कळलं की निम्मी काळजी मिटते.

म्हणून आधी सांध्यांचंच बोलते. लोक टाइल निवडायला दुकानं पालथी घालतात आणि ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) कुठला हे मिस्त्रीवर सोडून देतात, मिस्त्री म्हणतो व्हाइट सिमेंट भरून देतो, आपण हो म्हणतो. ते सच्छिद्र असतं, पुसताना पोछ्याचं मळकं पाणी त्यात मुरतं आणि थोड्याच महिन्यांत सगळ्या फरशीवर काळ्या रेघांची जाळी दिसायला लागते, मग दोष टाइलला! एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचा, पाणी पीत नाही, महाग पडतो पण किचन आणि बाथरूममध्ये तरी तोच घ्या. तो लवकर घट्ट होतो त्यामुळे ज्याने आधी केलंय असाच माणूस हवा, थोडा थोडा कालवून भरायचा आणि टाइलवर राहिलेला चिकट थर तिथल्या तिथे पुसून काढायचा, एकदा वाळला की निघता निघत नाही. आणि पांढरा एपॉक्सी उन्हाने पिवळा पडतो, म्हणून जिथे थेट ऊन येतं तिथे तो नको. माझं स्पष्ट मत, फरशीवर पांढऱ्या टाइलला पांढरा ग्राउट लावूच नका, हलका ग्रे लावा, लांबून कळतही नाही. भिंतीवर पांढरा चालतो. कडा मशीनने एकसारख्या कापलेल्या टाइल्स असतील तर स्पेसर (टाइल्सच्या मधे ठेवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे) लावून २ मिलिमीटरचा सांधा पुरतो, पण सांधा न ठेवता टाइलला टाइल चिकटवून बसवू देऊ नका, प्रसरण पावायला जागा लागते नाहीतर पुढे फरशी उचलली जाते.

आता टाइल. जमिनीला व्हिट्रिफाइड (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली) घ्या, ती पाणी जेमतेम ०.५ टक्क्यापर्यंत शोषते, भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांच्या वरही शोषतात आणि त्या पायाखाली टिकत नाहीत, कितीही सुंदर दिसल्या तरी भिंतीवरच ठेवा. पॉलिश केलेली पांढरी व्हिट्रिफाइड घेणार असाल तर एक नमुना घरी आणा आणि त्यावर परमनंट मार्करने रेघ मारा, तासभर ठेवा, मग स्पिरिटने पुसा. पॉलिश करताना पृष्ठभागावर बारीक छिद्रं उघडी पडतात, वरचं कोटिंग चांगलं असेल तर रेघ साफ निघते, नसेल तर तिथे राखाडी ठिपक्यांची पुसट ओळ मागे राहते, आणि ती राहिली तर ती टाइल सोडून द्या, कारण पुढे प्रत्येक डाग असाच बसणार. बाथरूमच्या जमिनीला ग्लॉसी अजिबात नको, मॅट घ्या, आर १० किंवा त्यावरची पकड असलेली (आर म्हणजे न घसरण्याचं माप, आकडा मोठा तितकी पकड जास्त). पण फार खरखरीत पांढरी मॅट पण नको, तिच्यात मळ अडकतो आणि घासून घासून हात दुखतात.

रंगाचं थोडक्यात, पांढरा एकच नसतो, एखादा निळसर, एखादा पिवळट, एखादा ग्रे कडे झुकणारा, म्हणून नमुना घरी भिंतीच्या रंगाशेजारी आणि बेसिनशेजारी धरून दिवसा आणि रात्री दिव्यात बघा. सगळ्या बॉक्सवर शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना ते उतरवून घेतानाच तपासा आणि १० टक्के जास्त घ्या, नंतर तोच पांढरा मिळणं जवळपास अशक्य.

रोजच्या सफाईला काय तर कमी साबण. खरंच. झाकणभर सौम्य लिक्विड बादलीभर पाण्यात, पोछा घट्ट पिळून, आणि पाणी मळलं की बदलायचं. जास्त फिनाइल टाकलं की पातळ चिकट थर बसतो, त्यावर धूळ चिकटते, पावलं उमटतात, मग आपण अजून फिनाइल टाकतो. असा थर आधीच बसला असेल तर कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून पुसा आणि मग दोनदा नुसत्या पाण्याने.

ॲसिड मात्र घरात आणूच नका. ते सिमेंटचा ग्राउट खातं, नळ आणि जाळ्या काळ्या करतं, आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. क्षाराचे पांढरे डाग असतील तर पाण्यात कालवलेलं व्हिनेगर पाच-दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका, सिमेंटच्या सांध्यांवर फार वेळ राहू देऊ नका, आणि त्याच वेळी ब्लीच तर नकोच, व्हिनेगर पण ॲसिडच आहे.

अजून एक, बादली किंवा शिडी सरकवली की पांढऱ्या टाइलवर काळपट रेघ उमटते आणि आपल्याला वाटतं चरा पडला. त्यावरून नख फिरवून बघा, नख अडकलं नाही तर तो चरा नाही, टाइलवर घासून बसलेला धातू आहे, ओल्या फडक्यावर खायच्या सोड्याची पेस्ट घेऊन घासलं की बहुतेक वेळा जातो. तारेची घासणी वापरू नका, तिचे कण सांध्यात राहून गंजतात आणि तपकिरी ठिपके पडतात.

आणि जुन्या बाथरूमचे सांधे आधीच काळे झालेत असं शेवटी लिहिलंय, त्यासाठी टाइल्स काढायची गरज नाही. जुना ग्राउट खरवडून काढायचा, सांधा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा (घाई केली तर आत ओल अडकते) आणि मग त्यात एपॉक्सी भरून घ्यायचा.